ईस्ट साइडची पोरे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की होळकर, शिंदे, पानिपत हे विषय ठरलेले. आम्हीही आजवर तेच लिहीत आलो. यंदा मात्र संपादक मंडळींची परवानगी काढून जरा लांब जात आहोत, थेट न्यूयॉर्कच्या एका गल्लीत. निमित्त घडले ते आपल्याच तालमीचे. मागल्या गणेशोत्सवात आपल्या तरुण मुलांनी एक प्रहसन बसवले होते. चौकात उभी राहून टवाळक्या करणारी चार पोरे, त्यांचा एक म्होरक्या, आणि शेवटी तीच पोरे चोर पकडून देतात असा सगळा मामला. तालीम संपल्यावर चहा घेताना मंडळातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अरे, ही तर ईस्ट साइड किड्स!" काकांचे बालपण महूच्या छावणीत गेले. तिथे लहानपणी पाहिलेले इंग्रजी सिनेमे त्यांना अजून प्रसंगवार आठवतात.

आम्हाला हे नाव ठाऊक नव्हते. घरी आल्यावर शोध घेतला तेव्हा कळले, की यातल्या बऱ्याच चित्रपटांवर आता कुणाचा मालकी हक्क उरलेला नाही, त्यामुळे ते फुकट बघायला मिळतात. कचेरीतून आल्यावर रोज एक, असे करत आम्ही बहुतेक सगळे पाहून टाकले. एकेक जेमतेम तासाभराचा. चार दिवसांनी घरातून विचारणा झाली, "काल हाच पाहिला होता ना?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. तीच गल्ली, तीच पोरे, त्याच टोप्या. पण मूळ शोधत मागे गेलो तेव्हा वाटले, हा विषय नाटकवेड्या मंडळासाठी लिहून ठेवायलाच हवा. कारण या सगळ्याची सुरुवात एका नाटकातूनच झाली.

सिडनी किंग्जली या लेखकाचे 'डेड एंड' हे नाटक न्यूयॉर्कच्या बेलास्को थिएटरात २८ ऑक्टोबर १९३५ रोजी रंगमंचावर आले. महामंदीचे दिवस. नाटकात दिसते ते ईस्ट रिव्हर नदीच्या काठाला जाऊन संपणाऱ्या एका रस्त्याचे टोक. एका बाजूला गरिबांच्या कोंदट, चाळीवजा इमारती, आणि त्यांना खेटूनच नदीचे दृश्य हवे म्हणून बांधलेली श्रीमंतांची नवी कोरी सदनिका. नॉर्मन बेल गेडिस यांनी नाटकाची निर्मिती केली आणि नेपथ्यही त्यांचेच. वादकवृंद जिथे बसतो तो रंगमंचापुढचा खड्डा म्हणजे नदी. पोरे धक्क्यावरून धडाधड त्यात उड्या मारत. आम्ही व्यवसायाने बांधकाम खात्यातले उपयंत्री, त्यामुळे असे काही वाचले की संवादांआधी आम्हाला तो खड्डा दिसतो. आपल्याकडच्या सभागृहात एवढे साधे दार बसवायचे तरी किती विनवण्या कराव्या लागतात!

नाटकातल्या पोरांना दिवसभर काम नाही, खेळायला जागा नाही. ती शिव्या देतात, जुगार खेळतात, श्रीमंताच्या मुलाला फसवून मारतात. त्याच गल्लीत वाढून नामचीन गुंड झालेला एक माणूस आईला भेटायला परत येतो, आणि आई त्याच्या थोबाडीत देते. या पोरांचे पुढे काय होणार, हे प्रेक्षकाला त्या गुंडाकडे पाहून कळते. गुन्हेगार जन्माला येत नाही, त्याला गल्ली घडवते, असे किंग्जली यांचे म्हणणे होते. नाटकाचे ६८७ प्रयोग झाले. गरिबांच्या वस्त्यांचा प्रश्न तेव्हा अमेरिकेत ऐरणीवर होता, आणि सरकारी खर्चाने स्वस्त घरे बांधण्याचा कायदा १९३७ मध्ये झाला.

त्या पोरांपैकी सहा जण पुढे नावारूपाला आले: बिली हॅलप, बॉबी जॉर्डन, हंट्झ हॉल, लिओ गॉर्सी, गॅब्रिएल डेल आणि बर्नार्ड पन्सली. यातला लिओ गॉर्सी आपल्या गोष्टीचा नायक. तो काही अभिनय शिकून आलेला नव्हता. नळजोडणीचे काम करणाऱ्या आपल्या काकाच्या हाताखाली उमेदवारी करत होता. वडील बर्नार्ड गॉर्सी मात्र रंगभूमीवरचे जुने नट. धाकटा भाऊ डेव्हिडही त्या नाटकात होता. मुळात लिओला किरकोळ भूमिका मिळाली, आणि पुढे तो 'स्पिट' या मुख्य टोळक्यातल्या भांडकुदळ पोराच्या भूमिकेत आला.

१९३७ मध्ये सॅम्युएल गोल्डविन यांनी नाटकावर चित्रपट काढला. दिग्दर्शक विल्यम वायलर, गुंडाच्या भूमिकेत हम्फ्री बोगार्ट. पोरे न्यूयॉर्कहून हॉलीवूडला आणली गेली आणि स्टुडिओत त्यांनी इतका धुडगूस घातला, की गोल्डविन यांनी चित्रपट संपताच त्यांचा करार वॉर्नर ब्रदर्सला देऊन टाकला. वॉर्नरने त्यांना 'डेड एंड किड्स' या नावाने सहा चित्रपटांत वापरले. त्यातला 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' (१९३८) आजही आवर्जून पाहावा. पोरांचा आदर्श असलेला गुंड म्हणजे जेम्स कॅग्नी. त्याला विजेच्या खुर्चीची शिक्षा होते. त्याचा बालमित्र आता पाद्री झालेला आहे, तो त्याला म्हणतो, मरताना भित्र्यासारखा रड, म्हणजे ही पोरे तुझ्या वाटेने जाणार नाहीत. इथवर नाटकातला मूळ प्रश्न जिवंत होता. इतर चित्रपट मात्र सुधारगृहाच्या ठरावीक कथानकांत अडकले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रीगन त्यातल्या दोहोंत आहेत, एवढे नमूद करून पुढे जातो.

१९३९ च्या अखेरीला वॉर्नरने हात वर केले. पोरे मोठी होत होती, त्यांचा खर्चही वाढत होता. मोठ्या स्टुडिओचे दार असे बंद झाले, आणि मग मोनोग्राम पिक्चर्सचे उघडले.

हॉलीवूडमधल्या अशा लहान कंपन्यांच्या वस्तीला 'पॉव्हर्टी रो', म्हणजे दारिद्र्याची आळी म्हणत, आणि मोनोग्राम त्या आळीतले नावाजलेले घर. तिचा हिशेब समजून घेतल्याशिवाय हे चित्रपट समजत नाहीत. त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. पहिला मोठा, नामवंत नटांचा. त्याच्या गल्ल्यात निर्मात्याचा टक्का असे. दुसरा, जोडीला दिलेला, लहान. त्याचे थिएटरमालकाकडून ठरावीक भाडे मिळे. लोकांनी गर्दी केली तरी तेवढेच, आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी तेवढेच. आमच्या खात्यात ठोक रकमेचा ठेका घेतलेला माणूस जसे काम करतो, तसेच हे. मिळकत आधीच ठरलेली आहे, तेव्हा नफा काढायचा तो खर्चातूनच वाचवून. म्हणून आठवड्याभरात चित्रीकरण उरकायचे, तेच रस्त्याचे नेपथ्य पुन्हा वापरायचे, नटाची जीभ अडखळली तरी ते दृश्य तसेच ठेवायचे.

सॅम कॅट्झमन हा निर्माता या विद्येत पारंगत. त्याने १९४० मध्ये 'ईस्ट साइड किड्स' नावाचा पहिला चित्रपट काढला तेव्हा त्यात मूळ नाटकातली प्रसिद्ध सहा पोरे नव्हतीच. नुसता त्या नावाचा भास होता. तो चालल्यावर त्याने बॉबी जॉर्डन आणि लिओ गॉर्सी यांना आणले, आणि 'बॉइज ऑफ द सिटी'पासून खरी मालिका सुरू झाली. १९४१ मध्ये हंट्झ हॉल येऊन मिळाला. गॉर्सीचा मग्ज, हॉलचा ग्लिम्पी, जॉर्डनचा डॅनी. १९४५ पर्यंत बावीस चित्रपट झाले. वर्षाला चार पडले की ते साल बरे गेले असे समजायचे.

दिग्दर्शकांत विल्यम बोदीन यांचे नाव पाहून आम्ही थबकलो. मूकपटांच्या काळात मेरी पिकफर्डचा 'स्पॅरोज' (१९२६) हा अनाथ मुलांवरचा गाजलेला चित्रपट यांचाच. १९२९ च्या मंदीत त्यांची पुंजी बुडाली. पुढे मोनोग्रामसारख्या ठिकाणी ते झटपट कामासाठी ओळखले जाऊ लागले, इतके की एका दमात दृश्य उरकणारा म्हणून त्यांना टोपणनावही पडले. लोक त्यावरून त्यांना हसतात. आम्हाला तसे हसावेसे वाटत नाही. सात दिवसांत, ठरल्या पैशात, पासष्ट मिनिटांची गोष्ट सुरुवात-मध्य-शेवटासह उभी करून देणे हे काम ज्याने कधी केले आहे त्याला त्यातली मेहनत कळते. युद्धात अमेरिकन सरकारने प्रत्येक चित्रपटाच्या नव्या नेपथ्य-साहित्यावर पाच हजार डॉलरची मर्यादा घातली, तेव्हा मोठ्या स्टुडिओंनी डोक्याला हात लावला. मोनोग्रामला त्या हुकमाचे फारसे काही वाटले नसावे.

विनोदाचा प्रकार काय होता? मुख्य म्हणजे भाषेचा. गॉर्सीचा मग्ज रुबाबात मोठे मोठे इंग्रजी शब्द वापरतो आणि प्रत्येक शब्द चुकवतो. आपल्याकडे कुणी 'आपल्या आगमनाने आम्ही उपकृत झालो' म्हणण्याऐवजी 'उपद्रवित झालो' म्हणावे, तसे. चुकल्याचे त्याला भानच नसते, आणि कुणी हसले की तो टोपी काढून त्याच्या डोक्यावर हाणतो. हॉलचा ग्लिम्पी टोपीची चोच वर करून बावळटासारखा बघत राहतो. पुष्कळदा दोघेही संहिता सोडून मनाचे बोलत, आणि वेळ वाचावा म्हणून दिग्दर्शक ते तसेच राहू देई. हे पाहताना आम्हाला पुण्याचे नातेवाईक आठवले. आमचे 'इंदुरी' मराठी ऐकून, 'मला जायचे आहे'ऐवजी आम्ही 'मला जाणं आहे' म्हणालो की, ते असेच गालात हसतात. मग्जच्या चुकांना हसणाऱ्या न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांत स्थलांतरितांची मुलेही असणार. घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी, हे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक होते.

आता युद्ध. गंमत अशी की अमेरिका युद्धात उतरायच्या आधीच युद्ध या मालिकेत शिरले होते. मार्च १९४१ च्या 'फ्लाइंग वाइल्ड'मध्ये पोरे विमानाशी संबंधित हेरांचा माग काढतात. त्याच वर्षीच्या 'बॉवरी ब्लिट्झक्रीग'मध्ये तर ब्लिट्झक्रीग फक्त नावात आहे, गोष्ट मुष्टियुद्धाची. वर्तमानपत्रातला ताजा शब्द उचलून पाटीवर लावला, झाले. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मग शब्दांबरोबर गोष्टही बदलली.

मे १९४२ मधला 'लेट्स गेट टफ' हा या सगळ्यांत आम्हाला सर्वात अस्वस्थ करून गेला. सुरुवात हलकीफुलकी. पोरे सैन्यात भरती व्हायला जातात, वय कमी म्हणून हाकलली जातात. मग ठरवतात, की इथेच युद्ध करू. गल्लीतल्या एका दुकानदाराला जपानी समजून त्याच्या दुकानावर चालून जातात. पुढे कळते की दुकानदाराचा खून झाला आहे, आणि तो जपानी नव्हताच, चिनी होता. म्हणजे आपल्या बाजूचाच. पोरे वरमतात. इथे क्षणभर वाटते, की चित्रपट काहीतरी शहाणपणाचे सांगणार. पण लगेच खरे जपानी हेर सापडतात, 'ब्लॅक ड्रॅगन' नावाची त्यांची गुप्त टोळी सापडते, आणि पोरांचा मूळ संशय एका अर्थी बरोबरच होता असे ठरते. चूक एवढीच, की दुकान चुकले.

हा चित्रपट आला त्याच्या तीनच महिने आधी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली होती. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरे, शेती, दुकाने सोडून तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत पाठवले गेले. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. चित्रपटातल्या जपानी तरुणाची भूमिका केली ती फिलिप आन या नटाने. हा कोरियन. जपानी राजवटीविरुद्ध लढलेले कोरियाचे स्वातंत्र्यनेते आन चांग-हो यांचा हा मुलगा. बापाने ज्या जपानशी लढण्यात आयुष्य वेचले, त्याच जपानचा हेर म्हणून मुलाने हॉलीवूडमध्ये पोट भरले, कारण कॅमेऱ्याला दोघांचे चेहरे सारखेच वाटत.

१९३५ च्या नाटकात पोरांचा राग शेजारच्या उंच, श्रीमंत इमारतीवर होता. १९४२ मध्ये ती इमारत नाहीशी झाली. राग मात्र तसाच शिल्लक होता, तो गल्लीतल्या परक्या दुकानदाराकडे वळवला गेला. पोरे जिथे राहतात तिथे पाणी येते का, काम मिळते का, हे आता कुणी विचारत नाही. फाटका शर्ट आणि वाकडी टोपी म्हणजे गरिबीची खूण राहिली नाही, तो गणवेश झाला. ज्यांना पाहून सभ्य माणसे रस्ता ओलांडत होती ती पोरे युद्धाने एका रात्रीत 'आपली' केली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली. दोन पिढ्या परराज्यात काढलेल्या आमच्यासारख्याला हे पाहताना त्या मारणाऱ्या पोरांपेक्षा त्या दुकानदाराची जागा आधी ओळखीची वाटते, हे कबूल करायला हवे.

नाझींच्या वाट्याला मात्र हसण्यावारी नेणे आले. १९४३ चा 'घोस्ट्स ऑन द लूझ' पाहा. ग्लिम्पीच्या बहिणीचे लग्न. नवरी म्हणजे एवा गार्डनर, तेव्हा अगदीच नवखी. नवदांपत्यासाठी पोरे घर साफ करायला जातात आणि चुकून शेजारच्या घरात शिरतात, जिथे बेला लुगोसी नाझींची पत्रके छापत बसलेला आहे. चित्रे हलतात, भुते दिसतात, आरडाओरडा होतो. शेवटी ग्लिम्पीला गोवर येतो आणि चेहऱ्यावर स्वस्तिकाच्या आकाराचे पुरळ उठते, कारण इंग्रजीत या गोवराला 'जर्मन' म्हणतात. जर्मन शत्रूवर असा विनोद झाला, जपानी शत्रूवर झाला नाही. जर्मन वंशाच्या अमेरिकनांची सरसकट उचलबांगडीही झाली नाही.

टोळीतल्या एका पोराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. स्क्रूनो. या भूमिकेतला अर्नेस्ट मॉरिसन, 'सनशाइन सॅमी', कृष्णवर्णीय. १९१२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मला आणि हॅल रोच यांच्या 'अवर गँग' या मुलांच्या प्रसिद्ध मालिकेच्या १९२२ च्या पहिल्या चित्रपटांपासून होता. म्हणजे मग्ज-ग्लिम्पीच्या कितीतरी आधीचा हा नट. भुताला घाबरून डोळे विस्फारणे, रंगावरून होणाऱ्या कोट्या गिळणे, असली कामे त्याच्या वाट्याला आली. ती आज पाहवत नाहीत. तरीही तो टोळीत आहे. नोकर म्हणून नाही. त्याच कोपऱ्यावर उभा राहतो, त्याच मारामारीत मार खातो. अमेरिकन सैन्यात गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, ते वेगळेपण मोडण्याचा आदेश १९४८ मध्ये निघाला. तोवर या स्वस्तातल्या चित्रपटांतली टोळी त्या सैन्यापेक्षा पुढे होती. ही एक गोष्ट आम्ही मोनोग्रामच्या खात्यात जमेला धरतो.

आणि मग खरे युद्ध या नटांपर्यंतही आले. भरतीतून हाकलल्या जाणाऱ्या पोरांची भूमिका करणारे हे तरुण खरोखरच भरतीच्या वयाचे होते. बॉबी जॉर्डन १९४३ मध्ये सैन्यात गेला. मॉरिसनलाही बोलावणे आले. हॅलप सैन्यात, डेल व्यापारी जहाजांवर. पन्सलीने तर सिनेमाच सोडला, सैन्यात गेला आणि पुढे डॉक्टर झाला. पडद्यावर टोळीत नवे चेहरे दिसू लागले, त्यांची नावेही लक्षात राहत नाहीत. उरले गॉर्सी आणि हॉल.

१९४५ मध्ये गॉर्सीने दुप्पट पगार मागितला. कॅट्झमनने मालिकाच बंद केली. गॉर्सीने आपला प्रतिनिधी जॅन ग्रिपो याला निर्माता करून तीच टोळी 'बॉवरी बॉइज' या नावाने १९४६ मध्ये पुन्हा उभी केली. यावेळी तो स्वतःच भागीदार होता. १९५८ पर्यंत आणखी अठ्ठेचाळीस चित्रपट निघाले. मिठाई-सरबताच्या दुकानाचा मालक लुई म्हणून त्याने आपल्या वडिलांनाच घेतले. वडील बर्नार्ड १९५५ मध्ये मोटार अपघातात गेले, आणि पुढच्याच वर्षी चाळिशीकडे झुकलेला हा 'पोरगा' मालिका सोडून गेला. हंट्झ हॉल शेवटपर्यंत टोपीची चोच वर करून उभा होता.

बॉबी जॉर्डन, जो 'डेड एंड' रंगमंचावर आले तेव्हा बारा वर्षांचा होता, तो दारूच्या आहारी जाऊन १९६५ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारला. हॅलपने पत्नीच्या दुखण्यात शुश्रूषेचे काम शिकून घेतले आणि पुढे तोच व्यवसाय केला. मॉरिसन विमान-उद्योगात तपासनीस झाला. नोकरी पक्की, पगार वेळेवर. आमच्या मते टोळीतला सगळ्यात शहाणा निर्णय त्याचाच. पन्सली डॉक्टरकी करत २००४ पर्यंत जगला.

महूच्या काकांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "आणि मग्ज?" १९६७ मध्ये बीटल्स या गायकांनी 'सार्जंट पेपर' या तबकडीच्या वेष्टनासाठी आपल्या आवडत्या माणसांचे चेहरे एकत्र लावले, त्यात गॉर्सी आणि हॉल दोघेही होते. गॉर्सीने चेहरा वापरण्याचे चारशे डॉलर मागितले. हॉलने काही मागितले नाही. गॉर्सीचा चेहरा रंगवून पुसून टाकला. दोनच वर्षांनी, बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो गेला. त्या वेष्टनावर वरच्या रांगेत हंट्झ हॉल अजून उभा आहे, आणि त्याच्या शेजारी नुसते निळे आकाश आहे.